'सगळं चालत अंतरावर' म्हणजे नक्की किती? नेरूळचं जुनं घर की खारघरचा टॉवर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं की नेहमीचाच 'नेरूळ घेऊ की खारघर' आहे, पण तुम्ही शेवटी जे लिहिलंय ना, 'आईबाबा इथे डोंबिवलीत रोज स्वतःचे स्वतः बाहेर पडतात, तिकडे गेल्यावर घरातच बसून राहतील अशी भीती वाटते', तो खरा प्रश्न आहे आणि त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमची परिस्थिती थोडक्यात परत लिहिते. डोंबिवली पूर्वेत राहता, आईबाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे, मुलगी दुसरीत, मिस्टरांचं ऑफिस महापेला, गाडी नाही आणि घ्यायचीही नाही. बजेटात दोन घरं बसतायत. एक नेरूळला, सिडकोनं (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीनं) बांधलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसरं खारघरच्या आतल्या सेक्टरमध्ये नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर, ज्याच्या ब्रोशरवर 'वॉकेबल टाउनशिप' असं मोठ्या अक्षरात छापलंय आणि आत जॉगिंग ट्रॅक, सीनियर सिटिझन कट्टा वगैरे सगळं आहे.

मी गेली २४ वर्षं नगररचनेत काम करते, त्यातली बरीचशी लेआउट काढण्यात आणि नंतर त्याच लेआउटमध्ये लोक प्रत्यक्षात कसे चालतात ते बघण्यात गेली. तेव्हा आधीच सांगते, तुमची दोन्ही घरं मी पाहिलेली नाहीत, आणि चालण्याच्या बाबतीत एकाच नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईतल्या एकाच उपनगरात, दोन सेक्टरांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. आईंचे गुडघे कसे आहेत, मुलीची शाळा कुठली ठरते, यावरही बरंच अवलंबून आहे. पण कसं बघायचं ते नक्की सांगू शकते.

आधी थोडं मागे जाऊ, कारण नवी मुंबई मुळात 'सगळं चालत अंतरावर' याच कल्पनेवर उभी राहिलीय आणि ती कल्पना समजली की तिथला नकाशा वेगळा दिसायला लागतो. १९६५ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल या तिघांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर वसवायचा प्रस्ताव मांडला, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागेवर, जिच्यात ९५ गावं होती, एकच मोठं शहर न करता नोड करायचे असं ठरलं. म्हणजे वाशी, नेरूळ, बेलापूर अशी छोटी छोटी गावंच म्हणा ना, प्रत्येकाचं आपलं मार्केट, आपल्या शाळा, आपलं स्टेशन. आणि नोडचे तुकडे म्हणजे सेक्टर.

या सेक्टरमागचा विचार त्याहून जुना आहे. क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकन माणसानं १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक योजनेसाठी तो नीट मांडला होता. प्राथमिक शाळा मधोमध, तिच्यापासून घरं साधारण ४०० मीटरच्या आत, मोठे रस्ते वस्तीच्या कडेनं, पोटातून नाही, आणि दुकानं कोपऱ्यांवर. हेतू इतकाच की सात वर्षांच्या पोराला शाळेत जाताना एकही मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. त्याच वर्षी न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत सुरू झाली, तिथे घरांची तोंडं बागेकडे केली, गाड्या मागच्या गल्लीत, आणि मुलांना शाळेत जायला रस्त्याखालून बोगदा. मंदी आली आणि ती वसाहत अर्धवटच राहिली, पण कल्पना जगभर फिरली आणि फिरत फिरत आपल्या सेक्टर ५, सेक्टर १० पर्यंत आली.

आपल्याकडे मात्र त्याच्याही आधीचं एक उदाहरण आहे आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, १८९८ मध्ये, आणि त्यानं दादर-माटुंग्याचा भाग आखला. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हा सगळा पट्टा. तेव्हाचं ते उपनगरच होतं, शहराबाहेरचं. आज तिथून फिरा, बुटक्या इमारती, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, फुटपाथ, आणि गल्ल्या इतक्या छोट्या की दर थोड्या अंतरावर वळायला जागा. म्हातारी माणसं तिथे अजूनही एकेकटी फिरताना दिसतात. शंभर वर्षांनंतरही आखणी काम करतेय, यावरून कळतं की आखणी महत्त्वाची असते आणि ती टिकते.

आता ४०० मीटरचं गणित तुमच्या घरासाठी करू. तुम्ही-आम्ही ४०० मीटर पाच-सहा मिनिटांत जातो. सत्तरीपुढचा माणूस, गुडघे थोडे कुरकुरणारे, सेकंदाला साधारण ०.८ मीटर चालतो असं मी धरते, म्हणजे ५०० सेकंद, सव्वाआठ मिनिटं, आणि मध्ये रस्ता ओलांडायला थांबावं लागलं तर दहा-बारा. एवढं अंतर माणूस रोज आनंदानं जातो. त्याच्या दुप्पट असेल तर आठवड्यातून दोनदा जातो आणि मग 'तूच येताना घेऊन ये गं' सुरू होतं. हे मी अनेक घरांत पाहिलंय, माझ्या आईच्या बाबतीतही.

टाउनशिपच्या ब्रोशरमध्ये नेमकी इथेच गफलत असते. आतला जॉगिंग ट्रॅक चांगला असेल, नाही म्हणत नाही, पण तो व्यायामाचा आहे. बाबांना ट्रॅकवर गोल गोल फिरायचं नाहीये, त्यांना पेपर आणायचाय, बँकेत पासबुक भरायचंय, देवळात जायचंय, येताना भाजीवालीशी दोन मिनिटं घासाघीस करायचीय. माणूस म्हातारपणी कामासाठी चालतो, काम संपलं की चालणंही संपतं. म्हणून मी कुठलीही वस्ती बघताना आत काय आहे ते शेवटी बघते आणि गेटबाहेरच्या पहिल्या ४०० मीटरमध्ये काय आहे ते आधी.

आणि गेट कुठे आहे हे तर सगळ्यात आधी. एक साधं उदाहरण घ्या. दहा एकरांचा प्लॉट, म्हणजे साधारण २०० मीटर बाय २०० मीटर. तुमचा टॉवर मागच्या भिंतीलगत मधोमध, आणि बसस्टॉप भिंतीपलीकडे ५० मीटरवर, गॅलरीतून दिसतो. पण गेट एकच, पुढच्या बाजूला. मग आईंना आधी २०० मीटर पुढे यायचं, कोपऱ्यापर्यंत १००, बाजूच्या भिंतीनं २००, मागे वळून परत १००, आणि भिंतीपासूनचे ते ५०, झाले ६५० मीटर. पन्नासचे साडेसहाशे! एजंट मोबाइलवर नकाशा दाखवतो तो सरळ रेषेतला असतो, पाय भिंतीतून जात नाहीत.

माझ्याच कामातली एक गोष्ट सांगते, ती मला अजून टोचते. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मोठ्या गृहप्रकल्पाचा लेआउट केला होता, गाव सांगत नाही. त्यात मागच्या बाजूला माणसांसाठी एक छोटं फाटक काढलं होतं, बाहेर पडलं की समोर शाळा आणि भाजीमार्केट, चार-पाच मिनिटांवर. पझेशन झालं, सोसायटी आली, आणि वर्षभरात सुरक्षेचं कारण देऊन ते फाटक कुलूपबंद झालं, एका जादा वॉचमनचा पगार वाचला. दोन वर्षांनी गेले तेव्हा पोरं शाळेत व्हॅननं जात होती आणि लोक भाजीला स्कूटर काढत होते, कारण पुढच्या गेटनं फिरून सतरा मिनिटं लागत होती, मी स्वतः घड्याळ लावून चालले. मी नकाशावर फाटक काढलं पण ते उघडं राहील याची सोय, म्हणजे करारात, सोसायटीच्या नियमांत, कुठेच केली नाही, ही माझी चूक होती. तेव्हापासून मी दर वेळी विचारते की मागचं गेट आहे का, आणि असलं तर सकाळी सहा ते रात्री दहा उघडं असतं का. तुम्हीही वॉचमनला विचारा, सेल्स ऑफिसला नको.

आता नेरूळसारख्या जुन्या सेक्टरचं. सिडकोनं सुरुवातीला वाशी-नेरूळला जी बुटकी घरं बांधली, दोन-तीन-चार मजल्यांची, रो हाउस, वन आरके, त्यांच्या मधून गल्ल्या आहेत, शाळेचा प्लॉट जवळ, छोटं गार्डन जवळ. कम्पाउंड वॉल आहेत पण प्लॉट लहान असल्यामुळे वळसा लहान. बेलापूरला सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज कधी गेलात तर नक्की बघा, कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेलं. सात घरं मिळून साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचं एक अंगण, अशी तीन अंगणं मिळून पुढची जरा मोठी मोकळी जागा, असं वाढत वाढत जातं. माणूस घरातून निघून एकदम हमरस्त्यावर पडत नाही, आधी अंगण, मग चौक, मग रस्ता. आज तिथली बरीच घरं पाडून लोकांनी मोठी बांधलीत, पण ती अंगणं बहुतेक ठिकाणी कळून येतात.

नवी मुंबईत सगळं छान झालं असंही नाही, आणि ते मनापासून सांगायला हवं. पहिली अडचण म्हणजे रेल्वे फार उशिरा आली. सिडको १९७० ची आणि वाशीला लोकल आली १९९२ मध्ये, म्हणजे शहर बसवर वाढलं आणि स्टेशनं नंतर येऊन बसली. दुसरी म्हणजे रस्ते रुंद. आपल्याकडे रुंद रस्ता म्हणजे चांगला रस्ता असा समज पक्का बसलाय, पण रस्ता रुंद आणि मोकळा असला की गाड्या पळतात, आणि ताशी ३० ला धडक बसली तर बहुतेक माणूस वाचतो, ५० ला वाचण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते. तुमच्या डोंबिवलीच्या फडके रोडला फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते तरी बाबा तिथे बिनधास्त जातात, का, तर गाडी तिथे पळूच शकत नाही आणि तीनशे मीटरमध्ये त्यांची दहा कामं होतात, वर चार ओळखीचे भेटतात. नवी मुंबईत हे उलटं आहे, जागा भरपूर आणि वेगही भरपूर. तेव्हा डोंबिवली सोडताना तुम्ही काहीतरी चांगलंही मागे सोडताय, याची जाणीव ठेवूनच तिकडे काय शोधायचं ते ठरवा.

तिसरी गोष्ट प्लॅनर लोक सहसा बोलत नाहीत. नकाशावर आम्ही दुकानांसाठी एक चौकोन रंगवतो, आणि पिठाची गिरण, इस्त्रीवाला, सायकल दुरुस्ती, मासळी, चपलेला टाका मारणारा, हे त्या चौकोनात भाडं परवडत नाही म्हणून येतच नाहीत. नवी मुंबईत ही उणीव भरून काढली ती गावांनी. ज्यांच्या जमिनी घेतल्या ते आगरी-कोळी लोक मोठ्या लढ्यातून गेले, १९८४ च्या जासईच्या आंदोलनात गोळीबारात माणसं गेली, दि. बा. पाटलांचं नेतृत्व होतं, आणि त्यातून साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीतला वाटा परत. त्या प्लॉटवर ज्या बिल्डिंगी झाल्या त्यांच्या तळमजल्यावर गाळे आहेत, आणि जोडीला जुनी गावठाणं. म्हणून ज्या सेक्टरला साडेबाराची किंवा गावठाणाची कड लागलेली आहे तिथे रोजची कामं पायी होतात, फुटपाथ मात्र बऱ्याचदा नसतोच. आणि जिथे सगळं आखीव आहे तिथे फुटपाथ सुंदर आणि वाणी एक किलोमीटरवर. घर घ्यायचं तर या दोन्हींच्या सीमेवर घ्यावं असं माझं मत आहे.

आता जागेवर जाऊन काय करायचं. मी साइटवर जाते तेव्हा मेजरिंग टेप, मोबाइलचं घड्याळ आणि चाकांची भाजीची ट्रॉली घेऊन जाते. ट्रॉली रिकामी असली तरी चालेल. फुटपाथची नियमानं मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शक तत्त्व आहे ते. प्रत्यक्षात उंची एक फूट असते, वर दर बिल्डिंगच्या गेटला फुटपाथ तुटतो, उतरा, परत चढा, मध्येच विजेच्या डीपीचा बॉक्स, मध्येच झाडाचं आळं. ट्रॉली किती वेळा उचलावी लागली ते मोजा. शंभर मीटरमध्ये चार-पाच वेळा उचलावी लागली तर आई फुटपाथ वापरणार नाहीत, सरळ रस्त्यावरून चालतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, गुडघा तेच सांगतो.

मग रस्ता ओलांडणं. घर ते मेडिकल, घर ते शाळा, घर ते स्टेशन या वाटांवर किती मोठे रस्ते ओलांडावे लागतात ते मोजा. २४ मीटरचा रस्ता ०.८ च्या वेगानं ओलांडायला ३० सेकंद लागतात. सिग्नल असेल तर हिरवा माणूस किती सेकंद दिसतो ते घड्याळ लावून बघा. सिग्नल नसेल तर डिव्हायडरवर मध्ये उभं राहायला नीट जागा आहे का, की तिथे झुडपं आणि लोखंडी जाळी आहे? मधली ती दीड-दोन मीटर जागा म्हाताऱ्या माणसाला फार मोठा आधार असते, अर्धा रस्ता एका वेळी ओलांडता येतो. कोपऱ्याची गोलाईही बघा. मोठी गोलाई असली की गाड्या वेग न कमी करताच डावीकडे वळतात, आणि आईबाबा मान वळवेपर्यंत गाडी अंगावर आलेली असते.

बसायला जागा. हे कुणीच बघत नाही. वयस्कर माणूस किती लांब जाऊ शकतो हे पायांवर जेवढं अवलंबून असतं तेवढंच मध्ये टेकायला मिळतं का यावर असतं. दर शे-सव्वाशे मीटरवर कट्टा, बाक, दुकानाची पायरी, काहीही चालेल. बाबांना डायबेटिस असेल तर वाटेत स्वच्छतागृह आहे का तेही बघाच, लोक लाजतात म्हणून सांगत नाहीत पण बाहेर जाणं बंद व्हायचं ते मोठं कारण असतं.

सावली तर बोलायलाच नको. मे महिन्यात दुपारी चारला आणि जुलैमध्ये भर पावसात, अशा दोन वेळा ती जागा बघायला मिळाली तर बाकी काही बघायची गरज नाही. तेवढा वेळ नसेल तर निदान झाडांचं वय बघा. जुन्या सेक्टरमध्ये तीस-चाळीस वर्षांचे पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर आहेत, नव्या भागात खांबाला बांधलेली रोपं. ती रोपं सावली देईपर्यंत तुमची मुलगी कॉलेजात जाईल आणि आईबाबांना आज सावली हवीय. आणि संध्याकाळी दिवे लागल्यावरही जा, कारण दिवे बहुतेकदा रस्त्यासाठी लावलेले असतात आणि झाडाखालचा फुटपाथ अंधारात राहतो.

तुमच्या दोन जागांबद्दल जेवढं सांगता येईल तेवढं सांगते. नेरूळमध्ये आधी बघा रेल्वेच्या पूर्वेला आहात की पश्चिमेला, आणि शाळा, दवाखाना, मार्केट त्याच बाजूला आहे का. रुळ ओलांडून जायचं म्हणजे पूल किंवा भुयारी मार्ग, म्हणजे पायऱ्या. खारघरमध्ये स्टेशन आणि नोड यांच्या मध्ये सायन-पनवेल हायवे आहे, त्यामुळे आतल्या सेक्टरमधून स्टेशनला चालत जाणं विसरा, ते कायम बस नाहीतर रिक्षा. पण नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झालीय, ११ स्टेशनं, खारघरच्या पोटातून जाते, तेव्हा टॉवर मेट्रो स्टेशनपासून पायी चारशे-पाचशे मीटरमध्ये असेल तर माझं मत बऱ्यापैकी बदलेल. दीड किलोमीटरवर असेल तर ती मेट्रो मिस्टरांच्या कामाची, आईबाबांच्या नाही. महापेला दोन्हीकडून ठाण्याच्या लोकलनं कोपरखैरणे किंवा घणसोली आणि पुढे बस, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं खारघर थोडं लांब, एवढाच काय तो फरक.

'वॉक टू वर्क' या शब्दाला फार भुलू नका असंही सांगेन, कारण कमेंटमध्ये कुणीतरी पुण्याच्या मगरपट्ट्याचं उदाहरण दिलंय. मगरपट्टा मला स्वतःला आवडतो, हडपसरच्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकून न टाकता एकत्र करून चारशे एकरांवर शहर उभं केलं, ऑफिसं, घरं, शाळा, बाग एकाच ठिकाणी, आणि आत फुटपाथ खरंच चालण्यासारखे. पण ऑफिसला चालत जायचं सुख नोकरी तिथे आहे तोवर. माणूस नोकरी तीन-चार वर्षांनी बदलतो, दूध-भाजी-शाळा-दवाखाना मात्र वर्षानुवर्षं तिथलाच. म्हणून घर निवडताना मिस्टरांच्या ऑफिसला कमी आणि आईबाबांच्या रोजच्या फेरीला जास्त मार्क द्या.

जिन्याचं काय, हे टाळून चालणार नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणजे ३५-४० पायऱ्या. बाहेरचा सगळा परिसर सोन्यासारखा असला तरी पायऱ्यांमुळे माणूस दिवसातून एकदाच खाली उतरणार, आणि कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं की तेही बंद. उलट टॉवरला लिफ्ट आहे पण चौदाव्या मजल्यावरून मुलीला खाली खेळताना हाक मारता येत नाही, दुसऱ्यावरून येते, आणि दुसरीतल्या मुलीसाठी ते फार मोठं स्वातंत्र्य आहे. तेव्हा मी तुमच्या जागी असते तर त्याच नेरूळच्या सेक्टरमध्ये तळमजला किंवा पहिला मजला शोधला असता, थोडं लहान घर चाललं असतं. जुन्या बिल्डिंगबद्दल आणखी दोन गोष्टी नक्की विचारा. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, त्याचा रिपोर्ट सोसायटीकडे मागा. आणि रिडेव्हलपमेंटचं कितपत पुढे गेलंय, कारण नेरूळ-वाशीत त्याचं वारं जोरात आहे. घर घेतल्यावर वर्षभरात बिल्डिंग पाडायला घेतली तर काही वर्षं भाड्यानं राहावं लागेल, आणि परत याल तेव्हा त्याच गल्लीत कितीतरी जास्त घरं आणि गाड्या असतील, गल्ली मात्र तेवढीच.

एकत्र करून सांगायचं तर गेट कुठे आहे, चारशे मीटरमध्ये काय काय आहे, किती मोठे रस्ते ओलांडायचे, फुटपाथवर ट्रॉली किती वेळा उचलायची, बसायला आणि सावलीला काय, आणि घरातून खाली उतरायला किती पायऱ्या. यात खारघरचा टॉवर सरस ठरला तर तोच घ्या, माझा नेरूळकडे कल आहे म्हणून नका घेऊ. मुलीच्या ॲडमिशनची शाळा आधी ठरली तर ती या सगळ्याहून वर.

आणि टोकन द्यायच्या आधी एक करा. एखाद्या साध्या वारी, रविवारी नको, दोघांना घेऊन जा, पण तुम्ही मागे थांबा, पंधरा-वीस पावलं. बाबांच्या हातात पासबुक द्या, आईंच्या हातात पिशवी, आणि सांगा की अर्धा किलो भेंडी, कोथिंबिरीची जुडी आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप घेऊन परत गेटपर्यंत या, रस्ता तुमचा तुम्ही विचारा. कुठे थांबतात, कुठे एकमेकांचा हात धरतात, कुठे फुटपाथवरून खाली उतरतात ते फक्त बघा, मध्ये बोलू नका. सकाळी दहाला एका जागी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागी. परत आल्यावर आईंना विचारा की उद्या परत एकट्या जाल का. काय म्हणाल्या ते इथे लिहा, सेक्टर नंबर सांगितलात तर त्यापुढचंही बघू.